दरोड्याचे सिनेमे आणि आमच्या गावची बस

दरोड्याच्या सिनेमांवर माझा राग आहे. पूर्वी कोणी कारण विचारलं की मी वैचारिक उत्तर देत असे. बँक कोणाची, तिजोरीतलं सोनं कोणाच्या घामाचं, हे त्यात कोणीच विचारत नाही. टोळीत पाच पुरुष आणि एक बाई, आणि त्या बाईचं काम म्हणजे पहारेकऱ्याकडे बघून हसणं. ही कारणं खरी आहेत, मी ती मागे घेत नाही. पण खरा राग माझ्या मैत्रिणीवर आहे. तिला ते सिनेमे समजले, मला समजले नाहीत, आणि त्या समजण्याच्या जोरावर तिनं एका सकाळी जे करून दाखवलं ते मला तीन वर्षं पत्रकं छापून जमलं नव्हतं.

आमचं गाव दिघोरीच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आम्ही दोघी पहिलीत एकाच पट्टीवर मांडी घालून बसलो. वस्तीही एकच, विहाराच्या मागची. फरक एवढाच की तिचे वडील पाटबंधाऱ्यात नोकरीला होते आणि माझे वडील स्वतःच्या धानाच्या दोन बांध्या सांभाळून दुसऱ्याच्या बांध्यांत चिखल तुडवत होते. त्यामुळे डीव्हीडी प्लेअर तिच्या घरी आला. आम्ही वस्तीतल्या पोरींनी रविवारी दुपारी जेवण उरकून तिच्या घरी पाहुण्यासारखं जायचं आणि खाली बसायचं. ती पलंगावर बसायची. घर तिचं होतं, बसेल नाही तर काय. पण मला ते दिसायचं.

तिचा भाऊ तालुक्याहून डिस्क आणायचा, एका डिस्कवर पाच-पाच सिनेमे, सगळे परदेशातले, हिंदीत बोलणारे. त्यात दरोड्याचे निघाले की ती बाकीच्यांना गप्प करायची. आधी म्होरक्या जेलातून सुटतो. मग एकेकाला गोळा करतो: कुलूपवाला, गाडीवाला, तारा कापणारा, गोड बोलणारा. मग टेबलावर नकाशा पसरतात. इथं ती रिमोट दाबून सिनेमा थांबवायची.

"आता हे फसणार, पाह्य."

"काहून?" मी विचारायची.

"नकाशा आपल्याले दाखवून राहिले ना. जे आपल्याले आधी सांगतेत ते कधीच होत नाही. जे नाही सांगत, तेच होते."

आणि तसंच व्हायचं. शेवटच्या दहा मिनिटांत उलगडायचं की सफाईवाला त्यांचाच होता, पेटी आधीच बदललेली होती. आम्ही तोंड उघडं टाकून बघायचो. ती डिस्क परत जायच्या आत तोच सिनेमा पुन्हा लावायची, फसवलं कुठं ते शोधायला. मला या दुसऱ्या वेळेचा भयंकर कंटाळा यायचा. एकदा समजलं ना चोरी कशी झाली, मग आणखी काय बघायचं?

एकदा तिनं आमच्या गावाचीच टोळी जमवली, खेळ म्हणून. सायकल दुरुस्तीवाला कुलपं उघडेल, अंगणवाडीताई पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतील, असं करत तिनं शेजारच्या म्हातारीलाही काम दिलं.

"अन मी?" मी म्हटलं.

"तुले नाही घेत वो. तुह्या पोटात काही राहत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी जाऊन आईवर चिडले.

पुढं दहावीनंतर ती मामाकडं कारध्याला गेली. तिथून वैनगंगेचा पूल ओलांडून रोज भंडाऱ्याला कॉलेज, तेही एसटीनं. मी गावातच राहिले. फाट्यापर्यंतचा रस्ता झुडपी जंगलातून जातो, मोहाच्या दिवसांत अस्वलं उतरतात, आणि सकाळी सहाला एकट्या पोरीला त्या रस्त्यानं पाठवायची बाबांची हिंमत झाली नाही. मी बारावी बाहेरून दिली. ती सुट्टीत यायची तेव्हा तिच्या पर्समध्ये एसटीचा पास असायचा. पास म्हणजे काय, प्लास्टिकच्या पाकिटातला कागद. मी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला होता, हे तिला अजून माहीत नसेल.

त्याच वर्षी मी संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला लागले. आमच्या थोरल्या कार्यकर्त्यानं पहिल्याच अभ्यासवर्गात शिकवलं होतं, की कोण, कुठं, केव्हा, कशासाठी, हे पहिल्या चार ओळींत आलंच पाहिजे, पाचव्या ओळीपर्यंत वाचणारा चहा पिऊन निघून जातो. आपलं सगळं उघड. लपवाछपवी सरकारनं करावी. मला हे इतकं पटलं की मी बाजाराला निघाले तरी कुठं, केव्हा, कशासाठी ते आधी जाहीर करायची.

मग माझी धाकटी बहीण दहावीला बसली. हुशार पोरगी, गणितात माझ्यापेक्षा तर फारच. तिला तालुक्याला अकरावी सायन्स घ्यायचं होतं. बाबांनी एवढंच सांगितलं. "गावात बस आली त शिक. नाही त ताईसारखा फॉर्म भर, घरून." ताईसारखा, हे त्यांनी वाईट म्हणून म्हटलं नव्हतं. पण सायन्स घरून होत नाही. जूनपर्यंत बस आली नाही तर तीही माझ्यासारखी होणार, हे मला झोंबलं, आणि मी बसच्या मागे लागले. म्हणजे आधीपासून लागलेली होतेच, आता हात धुऊन लागले.

निवेदनं दिली. फाट्यावर रास्ता रोको केला. शेवटी सर्व्हे मंजूर झाला. एक साहेब जीपमधून येऊन रस्ता बघणार, गावात बस वळेल का ते बघणार, आणि अहवाल देणार. वळण्याजोगी जागा एकच, विहारासमोरची. एका अंगाला बोरिंग आणि दुसऱ्या अंगाला बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेततळं, पाळ मऊ मातीची. मोकळी असली की जागा ऐसपैस.

मी पत्रक काढलं. 'गुरुवारी सकाळी ठीक दहा वाजता विहारासमोरील जागेत प्रचंड संख्येने उपस्थित राहून आपली एकजूट दाखवा.' घरोघर वाटलं, शेजारच्या दोन गावांतही वाटलं.

एकजूट दिसली. अख्खं गाव आलं, शेजारची गावं आली, बैलबंड्या आल्या, ट्रॅक्टर आला, कुल्फीवाला आला. घोषणा सुरू झाल्या. साहेबांची जीप जागेपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी खिडकीतून डोकं काढून बघितलं. मी पुढं होऊन निवेदन दिलं.

"बाई," ते म्हणाले, "इथं माणूस वळून नाही राहिला, बस कुठून वळन?"

आठवड्यानं अहवालाची नक्कल मिळाली. बस वळविण्यास पुरेशी जागा उपलब्ध नाही, गर्दीचे ठिकाण.

मैत्रीण उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आली तेव्हा मी तो कागद तिच्यासमोर आपटला. व्यवस्थेविषयी बरंच बोलले. तिनं अहवाल वाचला, मग माझं पत्रक मागून घेऊन वाचलं.

"वेळ छापली होती तू?"

"मग? वेळ नाही छापली त लोक येतीन कसे?"

तिनं दोन्ही कागद घडी घालून परत दिले. त्या घडी घालण्याचा मला असा संताप आला की मी चहा न घेता उठले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तिच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, आमच्याच गावात. नवरदेव सिहोऱ्याकडचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. लग्नाच्या चार दिवस आधी ती स्वतः माझ्या घरी आली.

"सभा घे ना त्या दिवशी," ती म्हणाली. "बाहेरगावचे पाहुणे येतीन, आयते ऐकणारे. वऱ्हाड दुपारी एकले येणार. तू अकराले शाळेच्या पटांगणात घे. लग्नाचा भोंगा देतो तुले."

तिनं माझ्याकडं काही मागायला येणं हे पहिल्यांदाच घडत होतं. मला बरं वाटलं. मी लगेच पत्रक लिहून तिला दाखवलं. तिनं खाली एक ओळ घातली: 'ज्यांच्याकडे बंडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल आहे त्यांनी ती घेऊनच पटांगणात यावे, या रस्त्यावरून किती वाहने चालतात ते जगाला दिसू द्या.'

वाचून माझ्या पोटात दुखलं. पत्रकातली सगळ्यात चांगली ओळ तीच होती, आणि ती माझी नव्हती.

लग्नाच्या दिवशी पटांगण गच्च भरलं. बंड्या, ट्रॅक्टर, सायकली शाळेच्या कुंपणाला लागून ओळीनं उभ्या. माझ्या बहिणीला मी पुढं बसायला सांगितलं होतं, ती दिसली नाही. अकराची सभा, माझी पाळी यायला एक वाजत आला. मी बोलायला उभी राहिले आणि त्या दिवशी मला खरोखर सूर सापडला. पोरींविषयी बोलले, फाट्याच्या रस्त्याविषयी बोलले, गर्दीचं ठिकाण या शब्दांची सालं काढली. लोक हसले, मग बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. आणि अगदी त्या वेळी विहाराच्या बाजूनं एसटीचा हॉर्न वाजला. तो दुसऱ्या कशाचा वाटावा असा नाही. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मग माणसं उठली आणि पळत सुटली. मी हातात माईक धरून बंड्यांपुढं एकटीच राहिले.

मी पोचले तेव्हा लाल बस विहारासमोर उभी होती, आणि तिचं तोंड फाट्याकडं होतं. म्हणजे ती वळून झालेली होती. वऱ्हाड उतरत होतं. पाच-सहा बाया फुलं घेऊन स्वागताला उभ्या होत्या, मैत्रीण त्यांच्यात, नव्या साडीत, घामानं निथळत. एक जाडेसे गृहस्थ बसच्या पत्र्यावर थाप मारून म्हणत होते, "कोण म्हणते जागा नाही? दोन बसा वळतीन." आणि बोडीच्या पाळीवरून, पायाला चिखल, हातात नारिंगी ओढणी, माझी बहीण उतरत होती.

"तू सभेत नव्हती?" मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली आणि मैत्रिणीकडं बघितलं.

दुपारी पंगती उठल्यावर मंडपामागं बसून मैत्रिणीनं मला सगळं सांगितलं, सिनेमाच्या शेवटच्या दहा मिनिटांत दाखवतात तसं. ते जाडे गृहस्थ नवरदेवाचे थोरले काका, एसटीत वाहतूक निरीक्षक. सोयरीक जुळली तेव्हाच तिच्या हे लक्षात आलं होतं. वऱ्हाडासाठी कराराची एसटी घ्यायला तिनंच सुचवलं, आणि कागदावर फाटा लिहू न देता गावाचं नाव लिहून घ्यायला भावाला बसवलं. भंडाऱ्याच्या स्टँडवर उभ्या बसची लांबी तिनं दोरानं मोजून आणली आणि तोच दोर विहारासमोर टाकून बघितला. मागचं चाक कुठवर जाऊ द्यायचं त्या जागी पाळीवर दगड ठेवला.

"पण ड्रायव्हर त फाट्यावरच उभी करते," मी म्हटलं. "आत घेतली कशी त्यानं?"

"त्यानं केलीच होती उभी. पण फाट्यावर स्वागताले आम्ही कोणी गेलोच नाही."

मला समजायला क्षण लागला. आमच्याकडं वऱ्हाड, सामोरं कोणी आल्याशिवाय गाडीतून उतरत नाही. फुलं नाहीत, वाजंत्री नाही, मुलीकडचं एक माणूस नाही. वरपक्ष पेटला. आम्ही काय भिकारी आहोत का, म्हणून काका गाडीतच बसून राहिले. ड्रायव्हर म्हणाला, पुढं जायचा हुकूम नाही. काका म्हणाले, कागदावर गावाचं नाव हाय, हुकूम मी देतो, घे आत, पाहू कसे घेत नाहीत सामोरे. आणि बस तीन किलोमीटर आत आली, रागानं. विहारासमोर जागा झाडून मोकळी. बाया फुलं घेऊन हजर. माफी मागून झाली, पाणी दिलं, आणि मोठ्या माणसाला उन्हात कशाला चालवायचं, गाडी दारापर्यंतच वळवून लावू द्या, म्हणून गाडी वळवून घेतली. माझी बहीण पाळीवर ओढणी धरून ड्रायव्हरला खूण करत होती.

"अन लोक पटांगणात," मी म्हटलं.

"हो."

"बंड्या पटांगणात."

"तुह्या पत्रकानं लोक येतेतच वो. दुसऱ्या कोणाच्या पत्रकानं नसते आले." ती हे मनापासून म्हणाली. तेच जास्त लागलं.

"मले सांगायचं होतं."

"सांगतलं असतं त तू छापलं असतं."

 मी छापलं असतंच. 'ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार व्हा', ही ओळसुद्धा मला तिथं बसल्या बसल्या सुचली होती.

"माह्या बहिणीले सांगतलं."

"तिचीच त बस होती."

काकांनी पुन्हा सर्व्हे करायला लावला. या वेळी साहेब कधी आले, कधी गेले, गावाला कळलंही नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात सकाळची फेरी सुरू झाली. काकांचा एकच निरोप होता, लग्नाच्या गाडीत बसून पाहणी केली असं कुठं छापून येऊ देऊ नका, माझी नोकरी जाईन. आता ते निवृत्त झाले, रस्ताही रुंद झाला, म्हणून आज लिहिते आहे. तेव्हा लिहिलं नाही. माझ्या आयुष्यातली न छापलेली ती पहिली बातमी.

न छापण्याचा परिणाम असा झाला, की बस मी आणली असं गावानं ठरवलं. का नाही ठरवणार? निवेदनं माझी, पत्रकं माझी, आणि मी भाषण करत असतानाच हॉर्न वाजला, हे सगळ्यांनी ऐकलेलं. ग्रामपंचायतीनं शाल आणि नारळ दिला. एक म्हातारी म्हणाली, "पोरीनं तोंडानं बस आणली." मी खाली मान घालून शाल घेतली. लोकांना तो विनय वाटला. मैत्रीण मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, दोन्ही हात वर करून, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ. माझा सत्कार चालू होता आणि मला तिचा हेवा वाटत होता. तिच्याजवळ एक गोष्ट होती, गावात कोणालाच माहीत नसलेली, आणि ती गोष्ट मांडीवर घेऊन ती आरामात बसली होती. माझ्याजवळ शाल होती.

मी तिला नंतर एकदा म्हटलंसुद्धा, की सांगून टाकू का सगळ्यांना, काकांचं नाव गाळून. ती म्हणाली, "कायले? पोरी जाऊन राहिल्या ना." कार्यकर्ती मी, आणि हे वाक्य तिचं.

बहीण रोज सकाळी सहाच्या बसनं जायला लागली. एका रविवारी मी तिला म्हटलं, त्या दिवशी कुठं उभी होतीस ते दाखव मला. ती बोडीच्या पाळीवर घेऊन गेली. जागा ओलसर होती. तिनं पायानं दगड दाखवला.

"मागचं चाक याच्या अलीकडं राहिलं पायजे होतं. याच्या पुढं आलं की मी ओढणी खाली टाकायची, म्हणजे त्यानं थांबायचं."

तिथून शाळा दिसत नाही, मधे विहार येतो.

"मग माही सभा हुकली तुले," मी म्हटलं.

"नाही ना. भोंग्याचं तोंड इकडंच होतं. सारं ऐकू येऊन राहिलं होतं."

"कसं झालं होतं भाषण?"

"मस्त झालं होतं."

"मस्त म्हणजे काय आवडलं?"

तिनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. खोटं बोलायची तिला सवय नाही.

"आठवत नाही, ताई," ती म्हणाली. "मी चाकाकडं पाहून राहिली होती."